औषधाची चूक आणि नोंदीची चाड



वसंतातल्या ह्या व्याख्यानांत साहित्य, इतिहास, अर्थकारण असे मोठाले विषय आपण दरवर्षी ऐकता. त्या मानाने आमचा आजचा विषय फारच लहान आहे. तो एका कागदापुरता आहे. रुग्णालयात खाटेवरील रुग्णाला कोणते औषध, किती, कोणत्या वेळी दिले, हे परिचारिका ज्या तक्त्यावर लिहिते, तो हा कागद. हा तक्ता भरताना दोन प्रसंगी लेखणी अडखळते. औषध देताना चूक झाली तर, हा एक प्रसंग. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध रुग्णालयात नसेल तर, हा दुसरा. ह्या दोन प्रसंगी परिचारिकेने काय करावे, काय लिहावे, आणि तिने खरे तेच लिहावे म्हणून आपण नागरिकांनी काय करावे, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.

हा विषय परिचारिकांच्या वर्गात शिकवावा, नागरिकांच्या सभेत कशाला, अशी शंका कोणी घेईल. तिला आमचे उत्तर सरळ आहे. जो कधी खाटेवर निजला नाही किंवा खाटेशेजारच्या स्टुलावर बसून रात्र काढली नाही, असा माणूस ह्या सभेत विरळा. शिवाय रुग्णसेवेच्या बाबतीत ह्या प्रदेशाला परंपरा आहे. आज ज्यास आपण सी.पी.आर. म्हणतो, त्या पूर्वीच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात डॉ. कृष्णाबाई केळवकर ह्यांनी काम केले. शेजारी मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस ह्यांनी १८९४ साली रुग्णालय उभे केले. आजही शाहूवाडी-चंदगडपासून सीमेपलीकडच्या निपाणी-चिकोडीपर्यंतचे रुग्ण कोल्हापूरची वाट धरतात. एवढ्या लोकांचा विश्वास ज्या वॉर्डांवर आहे, त्या वॉर्डांतला हा कागद कसा भरला जातो, हे गावाला ठाऊक असले पाहिजे.

प्रथम एका गोळीचा प्रवास पाहू. डॉक्टर औषध लिहितात. परिचारिका ते तक्त्यावर उतरवून घेते. मागणीपत्र, म्हणजे ज्याला वॉर्डात सारे इंडेंट म्हणतात ते, भांडारात जाते. भांडारातून औषध वॉर्डात येते, कपाटात लागते, ट्रेमध्ये येते आणि अखेर रुग्णाच्या तोंडात किंवा शिरेत जाते. ह्यातील प्रत्येक पायरीवर चूक होऊ शकते. पण शेवटच्या पायरीवर परिचारिका एकटी उभी असते. आधीच्या पाच जणांची चूक तिच्या हाती येऊन थांबावी, अशी आपली अपेक्षा असते. म्हणूनच तिला पाच गोष्टी पढविल्या जातात: रुग्ण योग्य आहे ना, औषध योग्य आहे ना, मात्रा योग्य आहे ना, देण्याचा मार्ग योग्य आहे ना, वेळ योग्य आहे ना. सहावी गोष्ट योग्य नोंदीची. आमच्या मते ह्या सहावीवाचून आधीच्या पाचही लंगड्या आहेत. कारण पाचही पाळल्या की नाही, हे उद्या कळावयाचे ते तिच्यावरूनच.

आता थोडा हिशेब करू. समजा, वॉर्डात ४० खाटा आहेत, प्रत्येक रुग्णास ५ औषधे आहेत आणि ती दिवसातून ३ वेळा द्यावयाची आहेत. म्हणजे एका वॉर्डात दिवसाला ६०० वेळा औषध दिले जाते. हजारांत ९९९ वेळा हात अचूक चालला, असे धरले तरी पाच दिवसांत तीन चुका होणारच. आपल्यापैकी कोणता व्यापारी, कोणता कारकून, कोणता शिक्षक हजारांत ९९९ वेळा अचूक असतो? भारतीय परिचर्या परिषदेचे मान असे की अध्यापन रुग्णालयात ३ रुग्णांमागे आणि इतरत्र ५ रुग्णांमागे एक परिचारिका असावी. प्रत्यक्षात रात्रपाळीस पुष्कळ ठिकाणी एकीकडे त्याच्या कित्येक पट रुग्ण असतात. तेव्हा चूक होणारच नाही, अशा समजुतीवर रुग्णालय चालविणे म्हणजे पूर येणारच नाही, अशा समजुतीवर नदीकाठी घर बांधणे होय.

चुका होतात कशा? बहुतेक चुका अगदी साध्या असतात. मधुमेहाचे इन्सुलिनच घ्या. आपल्याकडे त्याच्या कुप्या दोन प्रकारच्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटांची आणि १०० युनिटांची. पिचकाऱ्याही दोन प्रकारच्या असतात. ४० च्या कुपीतले औषध १०० च्या पिचकारीत वीसच्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णास २० ऐवजी ८ युनिटे मिळतात. उलट १०० च्या कुपीतले औषध ४० च्या पिचकारीत त्याच खुणेपर्यंत भरले, तर ५० युनिटे जातात. पहिल्याने साखर चढलेली राहते. दुसऱ्याने ती एवढी उतरते की प्राणावर बेतावे. हात तोच, खूण तीच, आकडाही तोच; चुकली ती केवळ जोडी.

दुसरे उदाहरण अक्षराचे. युनिट ह्या शब्दासाठी इंग्रजीतले 'यू' हे एकच अक्षर घाईने लिहिले की ते शून्यासारखे दिसते आणि दहाचे शंभर होतात. दशांशचिन्हाच्या आधीचे शून्य गाळले की अर्ध्याचे पाच होतात. डॉक्टरांनी औषधाचे नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा नियम २०१६ साली झाला, तो उगाच नव्हे. तिसरे उदाहरण सारखेपणाचे. पोटॅशियम क्लोराइडची तीव्र कुपी आणि शुद्ध पाण्याची कुपी दिसावयास पुष्कळदा सारख्या असतात. परंतु पहिली पातळ न करता शिरेत गेली तर हृदय थांबू शकते. म्हणून अशी तीव्र द्रावणे सामान्य वॉर्डातल्या कपाटात ठेवूच नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटना कित्येक वर्षे देत आली आहे.

महाराष्ट्रातील दोन ताजे प्रसंग आपणांस आठवत असतील. ३१ जानेवारी २०२१ रोजी पोलिओच्या मोहिमेत यवतमाळ जिल्ह्यातील कापसी-कोपरी येथे ५ वर्षांखालील १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करावयाचे सॅनिटायझर पाजले गेले. बालकांना रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने सारी सुखरूप राहिली. त्याच वर्षी सप्टेंबरात ठाण्यात कळव्याकडील एका आरोग्यकेंद्रात कोविडची लस घ्यावयास आलेला मनुष्य दुसऱ्याच रांगेत उभा राहिला आणि त्याचा केसपेपर न पाहता त्यास रेबीजची लस टोचली गेली. दोन्ही ठिकाणी तत्काळ उपाय झाला तो निलंबनाचा. हयगय झाली असेल तर शिक्षा नको, असे आम्ही म्हणत नाही. पण सॅनिटायझर आणि लस हाताशी आल्या कशा? दोन लसींच्या रांगा एकमेकींत मिसळाव्यात अशी मांडणी का होती? काम करणाऱ्यांना किती वेळ आणि काय शिकविले होते? निलंबनाच्या हुकुमात ह्या प्रश्नांची उत्तरे नसतात. माणूस बदलतो, टेबल तसेच राहते, आणि त्याच टेबलाशी दुसरा माणूस तीच चूक करावयास मोकळा होतो.

बरे, चूक झालीच, तर परिचारिकेने काय करावे? ह्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो उलटापालटा करता येत नाही. पहिले काम रुग्णाचे. औषध चालू असेल तर थांबवावे. नाडी, रक्तदाब, श्वास, शुद्ध पाहावी. दुसरे काम डॉक्टरांना तत्क्षणी कळविण्याचे. सकाळी फेरीस येतील तेव्हा सांगू, असे म्हणून भागत नाही. अनेक औषधांवर उतारा असतो, पण तो वेळेत द्यावा लागतो. तिसरे, वॉर्डाच्या परिसेविकेस सांगावे. चौथे, रुग्णास किंवा त्याच्या माणसांना सांगितले पाहिजे. ते डॉक्टरांनी आणि परिसेविकेने मिळून, साध्या शब्दांत आणि लपवाछपवी न करता सांगावे. ह्या सर्वांबरोबर पाचवे काम नोंदीचे.

नोंद कशी असावी? समजा, १३ क्रमांकाच्या खाटेची रक्तदाबाची गोळी १२ क्रमांकाच्या रुग्णास दिली गेली. तर तक्त्यावर असे यावे: 'सकाळी ८.१० वाजता अमुक गोळी, अमुक मात्रेत दिली गेली. ती ह्या रुग्णासाठी लिहिलेली नव्हती. ८.१५ ला लक्षात आले. ८.१७ ला अमुक डॉक्टरांना कळविले. त्या वेळी रक्तदाब इतका, नाडी इतकी. त्यांच्या सूचनेवरून दर १५ मिनिटांनी रक्तदाब पाहिला. ११ वाजता प्रकृती पूर्ववत.' खाली नाव आणि सही. ह्यात 'चुकून झाले' अशी क्षमायाचना नाही, 'अमक्याने ट्रे चुकीचा लावला' असे बोट दाखविणे नाही, आणि 'काही विशेष झाले नाही' अशी मखलाशीही नाही. जे झाले, जेव्हा झाले, त्यावर जे केले, तेवढेच. चूक का झाली ह्याचा विचार वेगळ्या अहवालात करावयाचा. तो वरिष्ठांकडे जावा आणि त्यावरून कपाट, कुपी, रांग, पाळी ह्यांत फेरबदल व्हावेत. आणि लिहिलेले खोडावयाचे झाले तर एकच आडवी रेघ मारावी, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, शेजारी सही आणि वेळ हवी. पांढऱ्या शाईने झाकलेला शब्द प्रामाणिक असला तरी त्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

हे सारे ऐकावयास सोपे आहे. मग ते होत का नाही? कारण एकच: भीती. आणि ही भीती निराधार आहे, असे आम्हांला म्हणवत नाही. पूर्वीच्या दंडसंहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडला तर शिक्षा २ वर्षांपर्यंत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती ५ वर्षांपर्यंत गेली आहे. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाच्या हातून उपचार करताना असे घडले, तर मात्र मर्यादा २ वर्षांचीच आहे. आता नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक म्हणजे कोण, हे त्या कलमातच सांगितले आहे: वैद्यकाच्या पदवीने वैद्यक नोंदवहीत नाव असलेला. परिचारिकेचे नाव परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असते. म्हणजे एकाच खाटेशी, एकाच औषधाबाबत झालेल्या चुकीसाठी डॉक्टरास कमाल २ वर्षे आणि परिचारिकेस कमाल ५ वर्षे, असा त्या शब्दांचा सरळ अर्थ निघतो. ह्या विषमतेविषयी आपल्याकडे जितके बोलले जावयास हवे तितके बोलले जात नाही.

अमेरिकेतील नॅशव्हिल शहरातला एक प्रसंग ह्या संदर्भात बोलका आहे. डिसेंबर २०१७ मध्ये तेथील एका मोठ्या रुग्णालयात एका परिचारिकेने औषधाच्या यांत्रिक कपाटात नावाची पहिली दोन अक्षरे टाकली आणि मन शांत करावयाच्या औषधाऐवजी स्नायू लुळे करणारे औषध निघाले. वृद्ध रुग्ण स्त्री दगावली. परिचारिकेने चूक आपण होऊन सांगितली होती. तरीही पुढे तिचा परवाना गेला, खटला झाला, २०२२ च्या मार्च महिन्यात ती दोषी ठरली आणि मे महिन्यात तिला ३ वर्षांची परिवीक्षा झाली. तिची चूक मोठी होती. वाटेत धोक्याच्या सूचना होत्या आणि त्या तिने पाहिल्या नाहीत. पण तो निकाल ऐकून त्या देशातील असंख्य परिचारिकांनी विचारले, 'ह्यापुढे खरे सांगावे कोणी?' त्या प्रश्नाला अजून धड उत्तर मिळालेले नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र ह्या बाबतीत फार पूर्वी एक शहाणा भेद केला आहे. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य ह्या खटल्याचा निकाल ५ ऑगस्ट २००५ रोजी लागला. खटल्याचे मूळ लुधियानातल्या एका रुग्णालयातले होते. रुग्णाचा श्वास अडला. प्राणवायूची नळकांडी आणली तर ती रिकामी. दुसरी मिळून लावीपर्यंत रुग्ण गेला. न्यायालयाने सांगितले की साधी चूक किंवा दक्षतेतील उणीव निराळी आणि फौजदारी शिक्षेस पात्र अशी घोर हयगय निराळी. नळकांडी उपलब्ध नव्हती, ह्यासाठी कदाचित रुग्णालय नुकसानभरपाईस जबाबदार धरले जाईल, पण तेवढ्यावरून डॉक्टर गुन्हेगार ठरत नाहीत. वस्तू नसण्याची जबाबदारी ती वस्तू ठेवण्याचे काम ज्याचे, त्याची. खाटेशी उभ्या असलेल्या माणसाची नव्हे. हा विचार आमच्या विषयाच्या दुसऱ्या भागास नेमका लागू पडतो.

हा दुसरा भाग म्हणजे नसलेल्या औषधाचा. तक्त्यावर रात्री दहाच्या मात्रेचा चौकोन आहे. औषध वॉर्डात नाही, भांडार बंद आहे. अशा वेळी तीन वाटा दिसतात आणि तिन्ही वाईट. पहिली, चौकोन रिकामा सोडणे. रिकाम्या चौकोनाचा अर्थ सकाळच्या पाळीस लागत नाही. औषध दिले आणि सही राहिली? की दिलेच नाही? पहिला अर्थ घेतला तर मात्रा बुडते, दुसरा घेतला तर ती दोनदा जाण्याचा धोका. दुसरी वाट, न दिलेल्या औषधापुढे दिल्याची खूण करणे. ही सर्वांत घातक. सकाळी डॉक्टर येतात, ताप तसाच आहे असे पाहतात, चार मात्रा जाऊनही गुण नाही असे समजतात आणि अधिक जहाल औषध लिहितात. वास्तविक पहिले औषध रुग्णाच्या पोटात गेलेलेच नसते. तिसरी वाट, शेजारच्या रुग्णाच्या डब्यातले उसने घेऊन देणे. हेतू चांगला, परंतु त्या शेजाऱ्याची पहाटेची मात्रा आता कोठून येणार? आणि त्याने ते औषध स्वतःच्या पैशांनी आणलेले असेल तर?

चौथी वाट बरोबर आहे, आणि ती कष्टाची आहे. परिचारिकेने भांडारात आणि शेजारच्या वॉर्डात रीतसर विचारावे. मिळाले नाही तर ड्यूटीवरील डॉक्टरांना लगेच कळवावे. कारण पर्यायी औषध देता येईल का, मात्रा पुढे ढकलता येईल का, हे ठरविण्याचा अधिकार त्यांचा आहे. तिने आपल्या मनाने बदली औषध देऊ नये. मग लिहावे: 'रात्री १० ची मात्रा दिली नाही; औषध वॉर्डात व भांडारात उपलब्ध नाही. १०.१० ला अमुक डॉक्टरांना कळविले. त्यांनी अमुक पर्यायी औषध लिहून दिले, ते १०.४० ला दिले. मागणीपत्र पाठविले. परिसेविकेस कळविले.' पाळी बदलताना ही गोष्ट तोंडीही सांगावी. रुग्णाने औषध नाकारले, डॉक्टरांनी थांबविले, रुग्ण तपासणीस गेला होता आणि औषध उपलब्ध नव्हते, ही चार निरनिराळी कारणे आहेत. चारही कारणांसाठी एकच फुली मारून चालत नाही.

सर्वच औषधे सारखी नसतात, हेही ध्यानात ठेवावे. जीवनसत्त्वाची गोळी एक दिवस चुकली तर बिघडत नाही. पण फेफऱ्याचे औषध चुकले तर झटका येऊ शकतो. इन्सुलिन, जंतुसंसर्गावरील औषध, रक्तदाब टिकविणारे सलाईन ह्यांची वाट पाहता येत नाही. म्हणून प्रत्येक वॉर्डात 'ही औषधे चुकता कामा नयेत' अशी लहानशी यादी भिंतीवर असावी, आणि त्यांतले शेवटचे पाकीट फोडण्यापूर्वीच मागणी जावी.

आपण विचाराल, 'नाही' असे लिहून औषध थोडेच येते? त्या क्षणी येत नाही, हे खरे. पण लिहिले नाही तर ते कधीच येत नाही. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ ह्या दरम्यान नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांतली १२ नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा असल्याची तक्रार झाली. औषधे पुरेशी होती, असे सरकारकडून सांगण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. राज्यातील औषधखरेदी २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे दिलेली होती. २०२३ साली तिच्यासाठी कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण झाले. त्या प्रकरणाचा न्याय करणे हे ह्या व्यासपीठाचे काम नव्हे. आमचा मुद्दा एवढाच की औषध होते की नव्हते, असा वाद मंत्रालयातल्या आकड्यांनी मिटत नाही. भांडारात माल आहे, ह्याचा अर्थ तो खाटेपर्यंत पोहोचला, असा होत नाही. कोणत्या खाटेस, कोणत्या रात्री, कोणती मात्रा मिळाली नाही, हे सांगू शकणारा कागद एकच, आणि तो परिचारिकेच्या हातचा.

ह्याच कागदाचे आणखी एक मोल आहे. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. डोळ्यांतील आणि मेंदूवरील दाब उतरविण्यासाठी त्यांना ग्लिसरॉल दिले होते. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले निघाले आणि त्याने त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. न्यायमूर्ती लेंटिन ह्यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साऱ्या साखळीची चिरफाड केली. विचार करा: ज्या हातांनी ते औषध दिले, त्यांनी लिहून दिलेले औषधच दिले होते. पाचही गोष्टी बरोबर होत्या. बाटलीच खोटी होती. अशा वेळी निरनिराळ्या खाटांवरच्या मृत्यूंना जोडणारा धागा शोधावयाचा तर कोणास, केव्हा, कोणत्या बाटलीतले दिले, ह्याच्या नोंदीपासूनच सुरुवात करावी लागते. धागा जितक्या लवकर सापडेल, तितके जीव वाचतात.

कोल्हापूरकरांना ही गोष्ट समजावून सांगण्यास पुस्तकी दाखल्याची गरज नाही. पावसाळ्यात आपण सारे सकाळी उठून प्रथम काय विचारतो? राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी किती फुटांवर? ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी, हे येथील शाळकरी मुलासही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस शहर तुटून राहिले. पाण्याची पातळी नोंदणाऱ्या माणसाने एके दिवशी ४१ फूट लिहिले, म्हणून त्यास कोणी निलंबित केले काय? पाणी चढले ह्याला तो जबाबदार आहे, असे कोणी म्हणेल काय? उलट, वरिष्ठ रागावतील ह्या भीतीने त्याने ४१ चे ३८ लिहिले, तर आंबेवाडी-चिखलीची माणसे झोपेतच पाण्यात सापडतील. वॉर्डातली 'उपलब्ध नाही' ही नोंद म्हणजे ३९ फुटांची खूण आहे. ती लिहिणाऱ्या हातावर आपण छडी मारीत राहिलो, तर पुढच्या वेळी आपणांस सरळ ४३ फुटांची बातमी मिळेल, आणि ती वर्तमानपत्रात मिळेल.

म्हणून रुग्णालये चालविणाऱ्यांना आमची विनंती आहे, की प्रत्येक वॉर्डात तुटवड्याची एक वही ठेवा: तारीख, औषध, किती रुग्णांच्या किती मात्रा चुकल्या, कोणास कळविले, केव्हा आले. अधिसेविका आणि भांडारप्रमुख ह्यांनी दर आठवड्यास ती एकत्र बसून वाचावी आणि शेजारी सही करावी. वहीत लिहिले म्हणून कोणास नोटीस जाणार नाही, हे लेखी जाहीर करावे. आणि जाणूनबुजून खोटी खूण केली तर मात्र गय होणार नाही, हेही त्याच हुकुमात सांगावे. चूक आणि खोटेपणा ह्यांत भेद केला, तरच लोक चूक सांगावयास धजतात.

आता नागरिकांच्या वाट्याचे काम. रुग्णालयात येताना चालू असलेल्या औषधांची पाकिटे बरोबर आणा. 'पांढरी गोळी, जेवणानंतरची' एवढ्याने काही कळत नाही. कोणते औषध सोसत नाही, हे विचारण्यापूर्वीच सांगा. औषध घेताना आपले पूर्ण नाव स्वतः सांगा आणि 'सिस्टर, हे कशाचे?' असे विचारा. त्यात अपमान कोणाचाही नाही. औषध बाहेरून आणावयास चिठ्ठी दिली, तर चिठ्ठी आणि पावती जपून ठेवा, आणि रुग्णालयात ते नव्हते ही नोंद केसपेपरवर झाली का, ते नम्रपणे विचारा. रुग्णाच्या कागदपत्रांची मागणी केल्यास डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यावीत, असे २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांत आहे. औषधाने अपाय झाल्याची शंका आली, तर ती कळविण्यासाठी केंद्राच्या औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा विनाशुल्क दूरध्वनी आहे.

आणि शेवटची गोष्ट, जी थोडी कडू आहे. आपला माणूस गेला की दुःखाने मन ठिकाणावर राहत नाही, हे आम्ही जाणतो. पण त्या वेळी हात उगारला जातो तो बहुधा सर्वांत जवळ उभ्या असलेल्या परिचारिकेवर. रुग्णालयातील हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. तथापि कायद्याच्या आधी समजूत हवी. 'ताई, औषध आले नाही, मी डॉक्टरांना सांगितले आहे आणि लिहूनही ठेवले आहे,' असे जी आपल्याला तोंडावर सांगते, तिच्यावर ओरडू नका. ती आपल्या बाजूने उभी आहे. तिने लिहिलेल्या त्या एका ओळीच्या आधारे आपण भांडारापर्यंत, खरेदी करणाऱ्या कचेरीपर्यंत आणि वेळ पडल्यास न्यायालयापर्यंत जाऊ शकता. ती ओळ नसेल, तर आपल्या हाती केवळ संताप उरतो, आणि संतापाने आजवर कोणत्याही वॉर्डातले रिकामे कपाट भरलेले नाही.